पत्र्याखालचा उन्हाळा का वाढतो आहे?

"पारा ४३ अंशांवर" अशी बातमी पेपरात येते तेव्हा तो पारा सावलीतला असतो, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसते. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या झडपा असलेल्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. त्याला थेट ऊन लागत नाही आणि चारी बाजूंनी वारा खेळता राहतो. आपली वस्ती त्या पेटीत राहत नाही. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, एकच दार, खिडकी असली तर शेजारच्या भिंतीला टेकलेली, आणि आत चूल किंवा गॅस. दुपारी दोन वाजता त्या पत्र्याला खालून हात लावून पाहा. पेपरातला ४३ चा आकडा तुमच्या घराचा नाही हे तिथल्या तिथे कळेल. वस्तीतला उन्हाळा गावातल्या माडीवरच्या उन्हाळ्यापेक्षा नेहमीच दोन पायऱ्या पुढे असतो.

आणि आता तो मूळ आकडाच वाढत चालला आहे. जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर २०२४ हे आजवरचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. कारखानदारी सुरू होण्याआधीच्या काळापेक्षा त्या वर्षी पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे दीड अंशाने जास्त होते. भारतातही १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत तेच वर्ष सर्वांत गरम निघाले. दीड अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण माणसाच्या अंगाचे तापमान ३७ वरून साडेअडतीस झाले तर आपण त्याला कामावर पाठवत नाही, अंथरुणावर झोपवतो. पृथ्वीचेही तसेच समजा.

हे का झाले? हा देवाचा कोप आहे, कलियुग आहे, असे म्हणणारे भेटतात. कारणावाचून काहीच घडत नाही हे आपण विहारात ऐकत आलो आहोत, तेव्हा कारणच पाहू.

सूर्याची किरणे हवेतून आरपार येतात आणि जमीन तापवतात. तापलेली जमीन ती उष्णता परत वर सोडते. पण ही परत जाणारी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांच्या रूपात असते, आणि हवेतले काही वायू तिला सरळ बाहेर जाऊ देत नाहीत. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ हे त्यांतले मुख्य. थंडीत आपण वाकळ पांघरतो. वाकळ स्वतः गरम नसते. ती अंगाची ऊब आत धरून ठेवते. हे वायू पृथ्वीची वाकळ आहेत. ही वाकळ मुळीच नसती तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली १८ अंशांच्या आसपास राहिले असते आणि इथे ज्वारीचे एक कणीसही उगवले नसते. म्हणजे वाकळ वाईट नाही. ती जाड होत चालली आहे, हा आजार आहे.

जाड कशामुळे झाली? जमिनीच्या पोटात कोट्यवधी वर्षे गाडलेला कोळसा, पेट्रोल-डिझेल आणि गॅस माणसाने दीडदोनशे वर्षांत बाहेर काढून जाळला. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ४२० च्या वर गेले आहेत. त्यात जंगले तोडली गेली, म्हणजे हा वायू शोषून घेणारी झाडेही कमी झाली. मिथेन येतो तो गुराढोरांच्या पोटातून, पाणी साचलेल्या भातखाचरांतून, कुजणाऱ्या कचऱ्याच्या ढिगांतून आणि कोळशाच्या व तेलाच्या खाणींतून. कार्बन डायऑक्साइड एकदा हवेत गेला की त्याचा मोठा भाग शेकडो वर्षे तिथेच राहतो. आजोबांच्या काळात लंडनच्या गिरणीत जळालेल्या कोळशाचा धूर आज औंढ्याच्या रानात राबणाऱ्या नातवाला तापवतो आहे.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो शाळेच्या भाषणांतूनही ऐकू येतो. "ओझोनला भोक पडले म्हणून गरम होते" हे खरे नाही. ओझोनचा थर विरळ होणे हा वेगळा प्रश्न होता. तो फ्रिज आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांमुळे झाला. जगाने १९८७ मध्ये करार करून ती रसायने टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तो थर आता हळूहळू भरून येतो आहे. तापमानवाढीचे मुख्य कारण कोळसा आणि तेल जाळणे हेच आहे.

आपल्या मराठवाड्यात याचे एक उदाहरण परळीचे आहे. परळीच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून वीज होते. त्यासाठी पाण्याची वाफ करावी लागते आणि यंत्रे थंड ठेवायलाही पाणी लागते. २०१५ च्या दुष्काळात पाणीच उरले नाही, म्हणून ते केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा जाळून हवामान बिघडवायचे आणि बिघडलेल्या हवामानाने कोळशाचे केंद्रच तहानलेले ठेवायचे, असा हा फेरा आहे. तो दुष्काळ केवळ तापमानवाढीने आला असे मी म्हणणार नाही. मराठवाड्यात दुष्काळ पूर्वीही पडत. १९७२ चा तर घरोघरी आठवणीत आहे. पण तापलेली हवा जमिनीतली ओल लवकर शोषून घेते, त्यामुळे तेवढ्याच कमी पावसाचा दुष्काळ आता जास्त कडक होतो. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले.

आणि तीच गरम हवा दुसऱ्या टोकालाही मारते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून पाऊस येतो तेव्हा तो कोसळतो. २०२४ च्या सप्टेंबरच्या पहिल्याच दिवसांत हिंगोली, परभणी, नांदेड पट्ट्यात झालेली अतिवृष्टी आठवा. नद्या-ओढे पात्राबाहेर आले, सोयाबीन पाण्यात गेले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने पुन्हा तेच भोगले. ओढ्याचे पाणी गावात शिरते तेव्हा ते आधी कुठल्या वस्तीत शिरते हे सांगायला नको. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या सखल जागेवर कोणाची घरे होती आणि अजून आहेत, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. जुन्या गावरचनेने जो अन्याय केला, नवे हवामान तिथेच बोट ठेवते.

जबाबदारी कोणाची, हेही स्वच्छ सांगितले पाहिजे. एक भारतीय माणूस वर्षाकाठी सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. अमेरिकेतला माणूस सुमारे १४ टन. देश म्हणून भारताचा एकूण आकडा मोठाच आहे, चीन आणि अमेरिकेच्या खालोखाल आपला नंबर लागतो. पण भारतातही हे दोन टन सगळ्यांचे सारखे नाहीत. एक पंखा, दोन बल्ब, महिनाभर पुरवायचा सिलिंडर आणि एसटीचा प्रवास, यात कितीसा धूर निघणार? त्यामुळे "झाडे लावा, पृथ्वी वाचवा" हा उपदेश वस्तीतल्या माणसाला ऐकवताना जरा भान ठेवावे. झाडे लावावीतच, ती सावलीसाठी लावावीत. पण तापमानवाढीचा गुन्हा वस्तीच्या माथी मारू नये. ज्याने कमीत कमी जाळले, त्याच्याच डोक्यावरचा पत्रा जास्तीत जास्त तापतो आहे.

आता आरोग्याकडे येऊ, कारण हे पान त्यासाठी आहे.

आपले शरीर ३७ अंशांच्या आसपास राहण्यासाठी धडपडत असते. काम केले की अंगात उष्णता तयार होते. बाहेरची हवा अंगापेक्षा थंड असेल तर ती उष्णता सहज बाहेर जाते. हवा अंगापेक्षा गरम झाली की एकच वाट उरते, ती म्हणजे घाम. घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. उन्हात कष्ट करणाऱ्याला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. तेवढे पाणी आणि त्यातले मीठ परत मिळाले नाही तर रक्त आटते, हृदय जास्त धडधडते, डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात. आपण ज्याला "उन्हाळी लागली" म्हणतो, लघवी कमी, पिवळी आणि जळजळत होते, तो शरीराने दिलेला पहिला इशारा आहे. तिथेच थांबून पाणी प्यायला हवे.

एप्रिलमधली आपली हवा कोरडी असते, घाम झटकन वाळतो. म्हणून ४२ अंशांतही माणूस टिकून राहतो, पण पाणी किती गेले ते त्याला कळत नाही. जूनच्या सुरुवातीला ढग जमतात, पारा ३८ वर उतरतो आणि लोक म्हणतात, उन्हाळा सरला. पण हवेत ओल असल्याने घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग आतून तापत राहते. पेरणीच्या घाईत उन्हाचा त्रास झालेली माणसे दवाखान्यात येतात ती यामुळे. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक कित्येक तास उन्हात बसले होते आणि उष्माघाताने १४ माणसे गेली. त्या दिवशी त्या भागात पारा ३८ च्या आसपासच होता. समुद्राकाठची दमट हवा, सावली नाही आणि गर्दी, एवढे पुरेसे झाले.

दुसरी गोष्ट रात्रीची. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री थंड व्हायला वेळ मिळाला पाहिजे. अलीकडे रात्रीही गरम राहू लागल्या आहेत. पत्रा निदान रात्री लवकर निवतो. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर उष्णता पितो आणि रात्री बारापर्यंत ती खोलीत ओततो. रमाई आवास योजनेतून घरकुल मिळालेल्या कुटुंबांचा हा अनुभव आहे: घर पक्के झाले, पाऊस गळायचा थांबला, पण उन्हाळ्याची झोप गेली. झोप मोडलेला माणूस सकाळी कामावर जातो तो आधीच थकलेला असतो. रक्तदाब, साखर आणि चिडचिड, तिन्ही वाढतात.

हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले, अभिमानाची गोष्ट आहे. पण हळद काढायची, वेचायची, शिजवायची आणि वाळवायची ती ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. हळद शिजवणाऱ्या कुकरपाशी एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला वाफ आणि वर ऊन असे तिहेरी तापमान असते. तिथल्या माणसाला पेपरातला पारा लागू नाही. या कामाची पाळी पहाटे सुरू करून अकराच्या आत संपवावी, जाळाजवळचा माणूस दर अर्ध्या तासाने बदलावा, आणि वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, तहान लागो वा न लागो. तहान उशिरा लागते. तहान लागेपर्यंत पाणी कमी पडलेलेच असते.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या टोळ्यांसाठी आणखी एक इशारा आहे. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ऊसतोड मजुरांमध्ये तरुणपणीच मूत्रपिंडे निकामी होण्याचा आजार मोठ्या प्रमाणात सापडला. त्या मजुरांना साखरही नव्हती आणि रक्तदाबही नव्हता. रोज उन्हात राबून, पाणी कमी पिऊन मूत्रपिंडांना वारंवार बसणारा मार हे त्याचे एक मोठे कारण समजले जाते. आपल्याकडे बायका तर मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण फडात संडासाची सोय नसते आणि आडोसा शोधत फिरावे लागते. म्हणजे बाईच्या मूत्रपिंडाचा प्रश्न डॉक्टरच्या आधी मुकादमाकडे आणि कारखान्याकडे जातो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरखात्याचे मंत्री असताना कामाच्या तासांसाठी भांडले. कामाचे तास आणि कामाच्या जागेवरचे पाणी-संडास हा औषधोपचाराइतकाच आरोग्याचा विषय आहे.

उष्माघात ओळखायचा कसा? थकवा, घाम, चक्कर, मळमळ, गोळे येणे इथपर्यंत माणूस शुद्धीवर आणि नीट बोलत असेल तर त्याला सावलीत आणून, कपडे सैल करून, पाणी आणि मीठ-साखर पाजून बहुधा बरे वाटते. पण तो असंबद्ध बोलू लागला, भांडू लागला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या, झटके आले किंवा शुद्ध हरपली आणि अंग भट्टीसारखे तापलेले असेल, तर तो उष्माघात. अशा वेळी अंगातले तापमान ४० च्या वर गेलेले असते आणि मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा व्हायला सुरुवात झालेली असते. "अंग कोरडे असेल तरच उष्माघात" असे सांगतात ते अर्धे खरे आहे. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात अंगाला दरदरून घामही असू शकतो. उन्हात काम करणारा माणूस अचानक बरळू लागला तर "प्यायला असेल" म्हणून त्याला बाजूला निजवू नका. अशाने माणसे गेली आहेत.

करायचे एवढेच: आधी थंड करा, मग हलवा. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने त्याच वेळी माणसाला सावलीत आणून कपडे काढावेत, अंगावर सतत पाणी ओतावे आणि पंखा, पुठ्ठा, लुगडे, जे हाती लागेल त्याने जोरात वारा घालावा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून काखेत, मानेला आणि जांघेत ठेवावा. पाणी साधे असले तरी चालते, ते भरपूर हवे. गाडी यायला अर्धा तास लागणार असेल तर तो अर्धा तास हेच करत राहायचे, गाडीतही करायचे. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नका, ती या तापावर चालत नाही. चप्पल हुंगवणे, कांदा हुंगवणे यात वेळ जातो. कांदा खिशात ठेवल्याने ऊन लागत नाही ही समजूतही सोडून द्यावी. कांदा भाकरीबरोबर खावा, तिथे त्याचा उपयोग आहे.

पाणी-मीठ-साखरेचे प्रमाण घरातल्या प्रत्येकाला पाठ हवे: उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चव घेऊन पाहावी, अश्रूंपेक्षा खारट नको. आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळणारी ओआरएसची पुडी सर्वांत चांगली. ती पूर्ण एक लिटरमध्ये घालायची, अर्धी-अर्धी करायची नाही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून हेच मीठ-साखरेचे पाणी वाटून असंख्य जीव वाचवले. इतके साधे औषध आहे ते. ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील, भाताची पेज हेही उत्तम. बाटलीबंद रंगीत पेयांत नुसती साखर असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील तर उन्हाळा लागताच एकदा दाखवून यावे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे पाणी नको, अंगावर पाजण्याच्या वेळा वाढवाव्यात आणि आईने जास्त पाणी प्यावे. गरोदर बाईला दुपारचे काम देऊ नये. तापलेल्या दिवसांत पोटात बाळ दगावण्याचा आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी फ्रिज नसेल तर माठाच्या आत एक छोटे मडके ठेवून, मध्ये ओली वाळू भरून, त्या मडक्यात प्लास्टिकच्या पिशवीत बाटली ठेवावी. पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेले इन्सुलिन नासते आणि साखर का उतरत नाही हे कळत नाही.

१४ एप्रिल तोंडावर आहे. जयंतीची मिरवणूक दुपारी चारला काढण्याऐवजी ऊन कलल्यावर काढावी, एवढे मंडळांनी ठरवले तरी मोठे काम होईल. लेझीम आणि हलगीवाले नाचून-वाजवून घामाघूम होतात. त्यांच्यासाठी मिरवणुकीबरोबर पाण्याची गाडी आणि ओआरएस हवेच. नटवलेल्या लहान मुलांना ट्रॅक्टरवर तासन्‌तास उन्हात उभे करू नये. समता सैनिक दलाच्या चार मुलांना वर सांगितलेला प्रथमोपचार शिकवून ठेवावा आणि मार्गात एक सावलीची जागा ठरवून ठेवावी. दारू प्यायलेल्या माणसाचे पाणी लवकर आटते, हे वेगळे सांगत नाही, मिरवणुकीत ती नसावीच. वैशाख पौर्णिमा तर ऐन कडाक्यात येते. पांढरी सुती वस्त्रे या हवेला योग्यच आहेत. उपोसथ धरणाऱ्या वडीलधाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दुपारनंतर अन्न वर्ज्य असले तरी पाणी वर्ज्य नाही. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये.

टंचाईत पाणी साठवावे लागते आणि डेंग्यूचा डास त्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. पिंपावर फडके बांधा, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी घासून कोरडी करा. पहिल्या पावसानंतर हगवण आणि कावीळ येते, तेव्हा पाणी उकळा. मे-जूनमध्ये दुपारनंतर ढग गडगडले की झाडाखाली थांबू नका. पुण्याच्या हवामान संस्थेचे "दामिनी" हे मोबाइल ॲप जवळपास वीज पडण्याचा इशारा देते.

पंख्याबद्दल एक गोष्ट. खोलीतली हवा ४० च्या वर गेली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो. तेव्हा अंगावर ओले फडके घेऊन किंवा बनियन भिजवून पंख्याखाली बसावे. कोरड्या हवेत याचा फरक लगेच जाणवतो.

छपरासाठी थोडा खर्च करता आला तर पांढरा रंग हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पांढरे छप्पर ऊन परतवते. अनेक ठिकाणच्या मोजणीत आतले तापमान दोन ते पाच अंशांनी उतरलेले दिसले आहे. स्लॅबवर चुना चालतो. त्यात थोडा फेविकॉल मिसळला तर तो जरा टिकतो, पण पावसाने धुपला की दर फाल्गुनात पुन्हा लावावा लागतो. पत्र्याला ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो. तो महाग आहे, पण दोन-तीन उन्हाळे जातो. पत्र्यावर तुराट्या-पऱ्हाट्या किंवा कडबा अंथरण्याची जुनी रीत चांगली आहे. मात्र खाली चूल असेल तर आगीची भीती असते, तेव्हा तो थर स्वयंपाकाच्या बाजूला नको. आतून बारदानाचे किंवा जुन्या साड्यांचे छत पत्र्यापासून वीतभर खाली ताणून बांधले तर मधली हवा आड येते. नवे घरकुल बांधत असाल तर पाया घालतानाच समोरासमोर दोन खिडक्या आणि छताखाली जाळीच्या विटांची एक ओळ मिस्त्रीकडून मागून घ्या. नंतर भिंत फोडणे होत नाही.

हे सगळे एकेकट्या घराने करायचे काम नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ वर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त माणसे दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला: आदल्या दिवशी इशारा, पाणपोया, दवाखान्यांत तयारी, दुपारी बागा उघड्या. पुढे अभ्यासकांनी हिशोब केला, तेव्हा वर्षाला हजारावर जीव वाचत असल्याचा अंदाज निघाला. आपल्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला यातले काय जमणार नाही? मार्चच्या ग्रामसभेत वस्तीतर्फे लेखी अर्ज द्यावा. वस्तीतल्या नळाला किंवा टँकरला सकाळी लवकर पाणी, दुपारी समाजमंदिर आणि विहार वृद्धांना बसायला उघडे व पंख्यासह, प्राथमिक आरोग्य केंद्रात उष्माघाताची खाट आणि बर्फ, शाळा सकाळची, रोजगार हमीच्या कामावर पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी, आणि कामाची वेळ सकाळी सहापासून. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा अंदाज निघतो. तो वस्तीच्या फलकावर लिहिण्याचे काम दहावी झालेल्या एखाद्या मुलीकडे द्यावे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.